रिकाम्या गाडीचं दुखणं: वहिनींची पाठ आणि ओढायची पिकअप

वहिनींच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती सरकली होती. वाकून जड उचलायचं नाही आणि तासापेक्षा जास्त सलग बसायचं नाही, एवढी दोनच पथ्यं डॉक्टरांनी सांगितली. प्रवास करू नका असं कोणीच म्हटलं नव्हतं, आणि प्रवास हेच तर दोघांचं निवृत्तीनंतरचं ठरलेलं होतं.

दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, आणि वहिनी टेक्सासात ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतात, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. दादा निवृत्त झाल्यावर त्यांनी 31 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. दोन अ‍ॅक्सल, आत पलंग, ओटा, न्हाणीघर. वहिनींना हवं तेव्हा आडवं होता यावं, हा त्यामागचा खरा विचार. म्हणजे जी गोष्ट पाठीसाठी घेतली, तीच ओढायला लागणाऱ्या गाडीने पुढे पाठ धरली. हे सगळं मी सविस्तर लिहितोय, कारण इथल्या मराठी मंडळींत ट्रेलर घेणारे आता बरेच झालेत आणि ‘आरामशीर चालणारी दणकट पिकअप कुठली?’ असं मला वरचेवर विचारलं जातं. एका वाक्यात गाडीचं नाव सांगून टाकलं, तर विचारणाऱ्याचं नुकसानच होईल, असं या प्रकरणानंतर माझं मत झालंय.

मी इस्लामपूरचा, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी तेलविहिरींच्या यंत्रसामग्रीत. सस्पेन्शन हा माझा रोजचा विषय नाही, पण वजनं आणि कंपनं रोजची आहेत.

पहिली गाडी: जीव लहान, ओझं मोठं

सुरुवातीला दादाकडे अर्ध्या टनाची पिकअप होती. अमेरिकेत अर्धा टन, पाऊण टन, एक टन ही पिकअपची जुनी बोलीतली मापं आहेत, आजच्या खऱ्या क्षमतेशी त्यांचा फारसा संबंध उरलेला नाही. गाडीच्या नावात 1500 किंवा 150 असेल तर अर्धा टन, 2500 किंवा 250 म्हणजे पाऊण, 3500 किंवा 350 म्हणजे एक. अर्ध्या टनाची गाडी मोटारीसारखी मऊ चालते. वहिनींची तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती.

तक्रार दादाची होती. मागून मोठा ट्रक गेला की ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डोलायचा आणि दादा दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसायचा. मी चालकाच्या बाजूचं दार उघडून खांबावरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचला. माणसं आणि सामान मिळून गाडीवर जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा अमेरिकेत त्या स्टिकरवरच असतो आणि तो त्या एका गाडीचा असतो, जाहिरातीतल्या मॉडेलचा नाही. दादाच्या स्टिकरवर 1,480 पौंड होते. आता दुसरी बाजू: दादा 185, वहिनी 150, मागे हौद्यात जनरेटर, हत्यारं, पाण्याचे कॅन मिळून 250, हिचचं, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या जोडणीचं, लोखंड 100, आणि हिचच्या गोळ्यावर ट्रेलरचं नाक जे वजन खाली दाबतं ते 1,040. एकूण 1,725. म्हणजे जवळपास अडीचशे पौंड जास्त, साधारण 110 किलो.

गोळ्यावरच्या या वजनाला इथे टंग वेट म्हणतात, आणि नवख्या माणसाचा पाय नेमका इथेच घसरतो. गाडी किती ओढू शकते तो मोठा आकडा सगळे बघतात, ट्रेलरचा किती भाग प्रत्यक्ष गाडीच्या पाठीवर बसणार ते कोणी बघत नाही. अशा ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार गोळ्यावर असावा लागतो. त्याहून कमी केला तर ट्रेलर डोलतो. म्हणजे सामान मागे सरकवून हा आकडा कमी करणं हा उपाय नव्हेच, उलट धोका आहे.

अर्ध्या टनाची गाडी बदलायलाच हवी होती. त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

दुसरी गाडी: जीव मोठा, पण वहिनींची पाठ

दादाने घाईत एक टनी पिकअप घेतली. वापरलेली, उत्तम स्थितीतली, पाट्यांच्या स्प्रिंगची, वर कॅम्पर पॅकेज, म्हणजे हौद्यावर अख्खी खोली ठेवणाऱ्यांसाठी आणखी कडक केलेले स्प्रिंग. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, गाडी ज्या कामासाठी बनवली होती ते काम ती चोख करत होती. स्टिकरवर 3,900 पौंड. विक्रेत्याने सांगितलं, मोठी गाडी आहे, लांबच्या प्रवासाला गादीसारखी. दादाला ते पटलं, कारण मोठी म्हणजे आरामशीर हे गृहीत आपल्या सगळ्यांच्याच मनात असतं.

ट्रेलर अगदी आज्ञेत आला. डोलणं संपलं. पहिल्या मोठ्या प्रवासाला दोघं न्यू ऑर्लिन्सकडे निघाले. आय-10 महामार्ग लुईझियानात अचाफलाया नदीच्या दलदलीवरून 18 मैलांच्या पुलावर जातो, आणि त्या पुलाला ठराविक अंतरावर सांधे आहेत. 18 मैल टकटक, टकटक. पूल संपल्यावर बॅटन रूजच्या अलीकडे दादाला गाडी बाजूला घ्यावी लागली. वहिनी ट्रेलरमध्ये जाऊन पाऊण तास आडव्या पडून राहिल्या. मला फोनवर म्हणाल्या, “भाऊजी, गाडी चांगलीय हो, पण प्रत्येक सांधा माझ्या पाठीतून जातोय.”

घरी आल्यावर दादाचा स्वभाव म्हणजे लगेच गाडी विकून मोकळं व्हायचं. मी त्याला दोन महिने थांबवलं. थांबवलं नसतं तर त्याने तिसरी चुकीची गाडी घेतली असती, असं मला मनापासून वाटतं.

वहिनींना मी एक काम सांगितलं. गाडीत बसल्यावर दर अर्ध्या तासाने आणि उतरताना, शून्य ते दहा यांत दुखण्याला आकडा द्यायचा. सोबत दोन शब्द: रस्ता कसला, ट्रेलर होता की नव्हता, दुखणं कसलं. त्यांनी कालनिर्णयची मागच्या महिन्याची पानं फाडून मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली. बारीक, नीटस अक्षर, शिक्षिका होत्या त्या. वाणसामानाला जाणं, देवळात जाणं, नातीला शाळेतून आणणं, सगळं लिहिलं.

दोन महिन्यांची पानं जेवणाच्या टेबलावर पसरल्यावर आम्ही तिघंही गप्प झालो. सगळ्यांत मोठे आकडे ट्रेलर ओढतानाचे नव्हतेच. ते रिकाम्या गाडीचे होते: घर ते दुकान, घर ते शाळा, सहा आणि सात. ट्रेलर मागे असताना चार, कधी पाच. आणि शब्द वेगळे होते. रिकाम्या गाडीसमोर लिहिलं होतं ‘ठोके, खालून वर’. ट्रेलर असताना ‘हिसके, मागून पुढे’.

एकच पाठ, पण दुखणी दोन होती, आणि दोघांचा उगम वेगळा होता. हे त्या पानांशिवाय मला कधी कळलं नसतं. मी इंजिनिअर असून आधी स्प्रिंगच बघत बसलो असतो.

ठोके

रिकाम्या एसटीच्या शेवटच्या बाकावर जो बसलाय, त्याला पहिल्या दुखण्याचं कारण सांगायला नको. तीच गाडी आठवडी बाजाराच्या दिवशी खचाखच भरली की डुलत, झोकात चालते. पाटे भाराच्या मापाने घडवलेले असतात. भार नसला की ते वाकतच नाहीत, आणि स्प्रिंग वाकला नाही तर चाकाखाली जे येईल ते सरळ बाकावर येतं. उसाच्या ट्रॉल्या फडाकडे रिकाम्या जाताना कशा उडत जातात आणि भरून कारखान्याकडे येताना कशा शांत येतात, ते आमच्या भागात लहान मुलंही ओळखतात.

पाट्यांमध्ये आणखी एक गोष्ट आहे. एकावर एक पट्ट्या असतात आणि स्प्रिंग हलायचा तर त्या एकमेकींवर घासून सरकाव्या लागतात. मोठा खड्डा आला तर त्या सरकतात. पण छोटा सांधा, अर्ध्या इंचाची उंची, ते घर्षण मोडायला पुरत नाही. मग अशा छोट्या धक्क्यासाठी पाटे म्हणजे जवळजवळ लोखंडाचा ठोकळाच.

आणि रस्ते कसले? आमच्या केटीतले मोठे रस्ते काँक्रीटचे, फरशा जोडून केलेले. मी एका रविवारी सकाळी दादाच्या घराबाहेरच्या रस्त्यावर टेप घेऊन सांधे मोजले. दर 15 फुटांना एक. ताशी 45 मैलांनी गाडी सेकंदाला 66 फूट जाते, म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार ठोके. शरीराला बसणाऱ्या कंपनांसाठी आयएसओ 2631 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. बसलेल्या माणसाला खालून वर येणारं कंपन सेकंदाला साधारण 4 ते 8 वेळा आलं तर सगळ्यांत जास्त जाचतं, असं त्यात धरलेलं आहे. वहिनींचा रोजचा रस्ता, रोजचा वेग आणि रिकामी एक टनी गाडी, तिन्ही मिळून बरोबर त्या पट्ट्यात येत होतं. हा हिशेब मी वहिनींना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे मी उगाच कुरकुरत नव्हते तर.” त्या आठवणीने मला अजून वाईट वाटतं. दोन महिने आम्ही दोघं भाऊ त्यांना, न बोलता का होईना, तसंच काहीसं समजत होतो.

मग टायर. दादा टायर फिरवून घ्यायला एका दुकानात गेला होता, तिथे चारही टायर 80 पीएसआयला भरून दिले होते. दारावरच्या स्टिकरवर पुढच्या टायरना 60 लिहिलं होतं. 80 हा टायरच्या भिंतीवरचा कमाल आकडा, गाडीने सांगितलेला नव्हे. पुढचे 60वर आणले. मागच्यांसाठी स्टिकरचा आकडा पूर्ण भाराचा होता. टायर बनवणाऱ्या कंपनीचा भार आणि दाबाचा तक्ता असतो, त्यात रिकाम्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलचं वजन बघितलं आणि भरपूर शिल्लक ठेवून रिकाम्या वापरासाठी 50 ठरवले. हे करायचं तर वजनकाट्यावरून आणलेला खरा आकडा हातात हवा, आणि ट्रेलर जोडण्याआधी हवा परत भरायची शिस्त हवी. दादाने स्टेअरिंगला लाल दोरा बांधून ठेवला: हवा भरली की दोरा काढायचा, मगच ट्रेलरला हात लावायचा. ज्याला एवढी शिस्त जमणार नाही त्याने स्टिकरचाच आकडा कायम ठेवावा, हे मी गंभीरपणे सांगतोय.

एवढ्यावर रिकाम्या गाडीचा आकडा सातावरून पाचावर आला. एक पैसा खर्च न होता. पण पाचाच्या खाली तो काही येईना.

हिसके

हे दुसरं दुखणं गाडीचं नव्हतंच.

ट्रेलरचं नाक वरखाली झुललं की गोळ्याच्या जागी गाडी मागेपुढे खेचली जाते आणि आत बसलेल्याला हिसका बसतो. मी ट्रेलर जोडलेला असताना बाजूने उभा राहून बघितला आणि लगेच दिसलं: नाक वर, शेपूट खाली. अर्ध्या टनाच्या गाडीसाठी हिचचा गोळा ज्या उंचीला लावला होता, तोच तसाच नव्या गाडीत बसवला होता, आणि नवी गाडी तीनेक इंच उंच. दांड्यांचा ताणही जुन्याच गाडीचा. या दांड्या वजन वाटून देणाऱ्या हिचच्या असतात: गोळ्यावरचा भार त्या पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या अ‍ॅक्सलकडे थोडा थोडा ढकलतात. अर्ध्या टनाच्या गाडीला त्यांची नितांत गरज असते. दणकट गाडीला गरज कमी, आणि नको तेवढा ताण दिला की गाडी आणि ट्रेलर मिळून एक ताठ काठी होते, मग रस्त्यावरची प्रत्येक लाट दोघांमधून फिरत राहते.

एक शनिवार आम्ही यात घातला. हिचची दांडी खाली घेऊन गोळा उतरवला, ट्रेलर पातळीत आणला. हिचच्या चौकोनी खोबणीत दांडीला हाताने हलवता येईल एवढी फट होती, ती आवळायचा शिकंजा बसवला. ट्रेलरच्या दोन अ‍ॅक्सलमधला तोलाचा तुकडा काढून रबराचा घेतला. आणि दांड्यांच्या साखळीची एकेक कडी सोडत पुढच्या चाकावरच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची दर वेळी टेपने मोजली. किती कडी, हे गाडीच्या माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे ठरवायचं असतं, अंदाजाने नाही.

नंतरच्या गॅल्व्हस्टनच्या फेरीत ट्रेलरसह आकडा दोन होता. कालनिर्णयच्या पानावर ‘हिसके’ हा शब्दच आला नाही.

तिसरी गाडी कशी ठरली

आता प्रश्न एकच उरला होता आणि तो स्वच्छ होता. दादा वर्षाला चौदा हजार मैल चालवतो, त्यातले ट्रेलरसह साडेचार हजार. बाकी सगळे रिकामे, आणि दुखणं नेमकं तिथेच शिल्लक. म्हणजे आम्हाला हवी होती ती रिकामी असताना आरामशीर आणि 1,725 पौंड पाठीवर घेऊनही निर्धास्त अशी गाडी. एक टनी गाडीचा 3,900चा आकडा आम्हाला लागतच नव्हता. त्याची किंमत मात्र वहिनींची पाठ रोज मोजत होती.

या वर्गात अमेरिकेत खरं तर तीनच घराणी आहेत: फोर्डची सुपर ड्यूटी, जनरल मोटर्सच्या शेवरले सिल्व्हराडो एचडी आणि जीएमसी सिएरा एचडी या जुळ्या, आणि रॅम. तिघांची घडण वेगळी आहे. जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात, टॉर्शन बारवर, म्हणजे पिळल्यावर स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीवर. सुपर ड्यूटी आणि रॅम यांच्या फोर-बाय-फोर गाड्यांना पुढे एकसंध अ‍ॅक्सल असतो, गुंडाळीच्या स्प्रिंगवर. मागे मात्र फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांकडेही पाटे. रॅम 2500 एवढी एकच अशी आहे की 2014च्या मॉडेलपासून मागेही गुंडाळीचे स्प्रिंग आणि अ‍ॅक्सल सांभाळायला पाच दांड्या. जादा पैसे देऊन मागे हवेच्या पिशव्याही घेता येतात. तिचीच मोठी बहीण रॅम 3500 परत पाट्यांवर आहे, त्यामुळे नुसतं ‘रॅम घ्या’ म्हणणारा माणूस अर्धंच सांगत असतो.

दादाची भाबडी आशा अशी होती की गुंडाळीचे स्प्रिंग म्हणजे काम झालं. मी म्हटलं, “दादा, वहिनींना बसवल्याशिवाय नाही.” चार गाड्या जमवल्या. एक महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीची, एक भाड्याची, दोन विक्रेत्यांकडच्या. रस्ता एकच: घराबाहेरची काँक्रीटची सडक ताशी 45ने, मग ग्रँड पार्कवे, मग आय-10 वरून ब्रुकशायर आणि परत. निघण्याआधी टायरचा दाब स्टिकरप्रमाणे मी स्वतः बघायचो, कारण विक्रेत्याच्या अंगणात उभ्या गाडीत हवा कितीही असू शकते. वहिनी डोळे मिटून शेजारी, कालनिर्णयचं पान मांडीवर.

पाट्यांच्या गाड्यांची नावं आणि आकडे जोडून देत नाही, कारण तीच गाडी वेगळ्या टायरवर, वेगळ्या पॅकेजवर अगदी वेगळी चालते आणि मी एकेकच नग तपासला. पण जे दिसलं ते सांगतो. पुढची चाकं स्वतंत्र असलेल्या गाडीचं स्टेअरिंग दादाला सगळ्यांत आवडलं, वळणावर ती सगळ्यांत शांत. पाट्यांच्या पाऊण टनी गाड्या दादाच्या कॅम्पर पॅकेजवाल्या गाडीपेक्षा स्पष्ट मऊ होत्या, वहिनींचे आकडे चार आणि साडेतीन. गुंडाळीच्या स्प्रिंगची रॅम 2500, पेट्रोल: दोन. त्याच गाडीचं डिझेल रूप: अडीच. महामार्गावर सगळ्यांतला फरक खूप कमी झाला. खरा फरक पडला तो त्या 15 फुटी सांध्यांवर, जिथे वहिनी रोज जातात तिथेच.

ट्रेलर फक्त भाड्याच्या आणि मंडळातल्या गाडीला जोडता आला. दोन्ही पाट्यांच्या, आणि ट्रेलरसह दोन्हींचा आकडा दीड-दोन. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याची गाडी जवळजवळ कायम ओझ्याखालीच असते, घोड्यांचा ट्रेलर ओढणारा शेतकरी म्हणा, त्याने गुंडाळीच्या स्प्रिंगच्या मागे लागायचं कारण नाही. त्याच्यासाठी पाटे हेच बरोबर, आणि पाठीवर जास्त वजनही घेतील.

डिझेल की पेट्रोल यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. दादाला कमिन्सचं 6.7 लिटर, सहा सिलिंडरचं डिझेल हवं होतं, त्याच्या आवाजावरच त्याचा जीव. पण ते इंजिन शेकडो पौंडांनी जड, आणि गाडीची एकूण मर्यादा 10,000 पौंडांची ठरलेली असली की इंजिनाचं वजन थेट तुमच्या वाट्यातून जातं. बघितलेल्या डिझेल गाडीच्या दारावर 2,150 होते, पेट्रोलच्या 6.4 लिटर हेमी इंजिनवाल्या गाडीच्या दारावर 3,120. आमचे 1,725 दोन्हींत बसतात, पण एकात चारशेची शिल्लक आणि दुसरीत चौदाशेची. डिझेलची बाजूही खरी आहे: घाट उतरताना एग्झॉस्ट ब्रेक गाडी धरून ठेवतो, आणि टर्बोमुळे उंचीवर दम जात नाही. न्यू मेक्सिकोत अ‍ॅलमोगॉर्डोहून क्लाउडक्रॉफ्टला चढताना गाडी साधारण 4,300 फुटांवरून 8,600 फुटांवर जाते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे 3 टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोचेपर्यंत चौथा हिस्सा गेला. दादाने ते स्वीकारलं. म्हणाला, “ट्रकांच्या रांगेतून हळू चढेन. हिला त्रास नको.” आणि पेट्रोल घेतली, 2021ची.

एक गोष्ट आमच्या कोणाच्याच यादीत नव्हती. वहिनींची उंची पाच फूट, आणि या गाड्यांत चढणं म्हणजे ओट्यावर चढणं. चालवून बघताना त्यांनी दोनदा चढता-उतरताना कमरेला हात लावला, आणि ते मी नाही, विक्रेत्याच्या मुलीने बघितलं. गाडी घेतल्याच दिवशी खाली लांब पायऱ्या बसवल्या, आणि दाराशी एक ठेंगणं स्टूल कायमचं असतं.

वजनकाट्यावर

ट्रकांच्या थांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. पंधरा डॉलरच्या आसपास घेतात आणि पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल, ट्रेलरचे अ‍ॅक्सल असे वेगवेगळे आकडे छापून देतात. आमच्या तीन पावत्या अशा. नुसती गाडी, दोघं आणि सामानासह: पुढे 4,160, मागे 2,880. ट्रेलर जोडून, दांड्या न लावता: पुढे 3,700, मागे 4,480, ट्रेलर 7,060. दांड्या लावून: पुढे 3,960, मागे 4,060, ट्रेलर 7,220.

पुढच्या चाकांवरून 460 पौंड उठले होते, त्यातले 260 दांड्यांनी परत दिले. तेवढेच पुरे ठरवले, पूर्ण परत आणण्याचा हट्ट केला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पावतीची एकूण बेरीज एकच येते, 15,240. दांड्या वजन कमी करत नाहीत, फक्त जागा बदलतात, हे दादाला त्या दिवशी पावत्या शेजारी शेजारी धरल्यावर पटलं.

फेब्रुवारीत दोघं बिग बेंडला जाऊन आले, एका बाजूचे सहाशे मैल. दर तासाला थांबून चालणं, ते पथ्य अजून आहे आणि राहील. जाताना सॅन अँटोनिओपर्यंत एक, दीड, एक असे आकडे आहेत. फोर्ट स्टॉकटनच्या पुढे आकडे नाहीत, तिथे पानावर परतीच्या वाणसामानाची यादी आहे.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. थोडा मोठा ट्रेलर बघितलाय, हौद्यात हिच लागतो तो फिफ्थ व्हील, भरून तेरा हजार पौंडांचा, आत वहिनींसाठी खरी गादी. मी म्हटलं, त्या जातीच्या ट्रेलरचा 20 ते 25 टक्के भार सरळ हौद्यावर बसतो. म्हणजे कमीत कमी 2,600. त्यात तुम्ही दोघं 335, सामान 250, आणि तो हिच आणखी दोनेकशे. फोनवर थोडा वेळ काही बोलणं नाही, मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

“3,120,” दादा म्हणाला. “नाही बसत.”